विषारी वायू आणि फुप्फुसाचा उशिराचा जबाब



नीरेच्या काठी, खंबाटकीच्या घाटाअलीकडे वसलेल्या शिरवळच्या या जुन्या कसब्यात, जेथे सुभानमंगळ किल्ल्याच्या उरल्यासुरल्या तटाकडे पाहून शिवकाळाविषयी बोलावे असा मोह कोणाही वक्त्यास व्हावा, तेथे छातीच्या विकारांवर उपचार करणाऱ्या एका वैद्याने विषारी धुराविषयी बोलण्याचे मनात आणावे, याचे काहींस नवल वाटले असेल. परंतु सुभानमंगळाच्या मुलखात आज औद्योगिक वसाहत उभी आहे; महामार्गाच्या दोन्ही अंगांनी कारखान्यांच्या भिंती चालल्या आहेत; आणि ज्या घरातील आजोबा ज्वारीची कापणी करीत त्याच घरातील नातू आज तीन पाळ्यांच्या हिशेबाने झोपतो व उठतो. या नव्या धंद्याने आपल्याला वेतन दिले, मुलांना शिक्षण दिले, घरांवर स्लॅब चढविले. त्याची निंदा करण्यासाठी मी येथे आलेलो नाही. या धंद्याबरोबर जे एक विशिष्ट दुखणे येते, आणि ज्याचा स्वभाव आपल्या परिचयाच्या सर्व दुखण्यांहून निराळा आहे, त्याची नीट ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू होय.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील प्रसंगापासून आरंभ करतो. कडेगाव तालुक्यात शाळगावच्या औद्योगिक वसाहतीत खत बनविण्याचा एक कारखाना आहे. दिनांक 21 नोव्हेंबर 2024 रोजी सायंकाळी त्या कारखान्यातील रिॲक्टरचा स्फोट झाला आणि त्यातून सुटलेल्या वाफा कामाच्या जागी पसरल्या. सुमारे डझनभर माणसांना त्यांची बाधा झाली. दोन स्त्री कामगार आणि एक सुरक्षारक्षक अशी तीन माणसे प्राणास मुकली. इतरांना कराडच्या रुग्णालयात हलविण्यात आले, व त्यांतील काहींना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. वायू अमोनिया असावा, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. 'असावा' या शब्दावर श्रोत्यांनी क्षणभर थांबावे. माणसे रुग्णालयाच्या दारात पोहोचली, डॉक्टर हातमोजे चढवून उभे राहिले, तरी छातीत नेमके काय गेले आहे हे अंदाजानेच सांगावे लागते, ही गोष्ट केवळ शाळगावची नव्हे; बहुतेक वायुदुर्घटनांची पहिली रात्र अशीच जाते.

फुप्फुस म्हणजे भात्यासारखी एक पोकळ पिशवी, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी जे सूक्ष्म वायुकोश येतात त्यांची संख्या कोट्यवधींत मोजावी लागते. आणि ते सारे उलगडून सपाट पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या घराइतकी जागा व्यापतील. या एवढ्या विस्तारावर हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. प्राणवायू रक्तात सहज उतरावा म्हणून तो इतका पातळ असणे भागच होते. परंतु ज्या वाटेने प्राणवायू शिरतो त्याच वाटेने शत्रूही शिरू शकतो, आणि कातडीला जसा जाड थर आहे, जठराला जसे श्लेष्माचे अस्तर आहे, तसे कोणतेही कवच या पडद्यास नाही. अन्न नको असेल तर माणूस तोंड मिटून बसतो. श्वास मात्र त्याला मिनिटभरही धड रोखून धरता येत नाही. दिवसाकाठी सुमारे 10,000 लिटर हवा आपण आत घेतो, आणि तिची जकात घेण्यास दारावर कोणी बसलेला नसतो. नाही म्हणायला एक नाक आहे. पण त्या पहारेकऱ्याच्या भरवशावर किती राहावे, हाच तर माझ्या विषयाचा गाभा आहे.

घातक वायूंचे, त्यांच्या पाण्यात विरघळण्याच्या शक्तीवरून, दोन कुळांत वर्गीकरण करता येते. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा ही मंडळी पाण्यात झटकन विरघळतात. म्हणून डोळ्यांच्या, नाकाच्या, घशाच्या ओलाव्यातच ती अडकतात, आणि तेथे अशी काही आग मांडतात की माणूस हातातले काम टाकून बाहेर धावतो. त्यांचा त्रास तात्काळ, परंतु त्यांच्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे: ती आल्याची वर्दी देतात. अर्थात कोंडलेल्या जागेत, पळायला वाट नसताना, किंवा मात्रा मोठी असताना हा प्रामाणिकपणा काही उपयोगाचा नसतो. घसा सुजून श्वासमार्गच बंद होतो. दुसरे कूळ फॉस्जिन, नायट्रोजन डायऑक्साइड यांचे. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, म्हणून नाकाघशाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. तेथे पोहोचताना ती फारसा गाजावाजा करीत नाहीत. फॉस्जिनचा वास नुकत्याच कापलेल्या गवतासारखा येतो, असे वर्णन ग्रंथांत आढळते. आणि ज्याचा सारा जन्म कडब्याच्या गंजीशेजारी गेला त्या माणसास अशा वासाची शंका तरी का यावी? क्लोरीन या दोन कुळांच्या मधोमध उभा असतो. तो वरही जाळतो आणि खालीही. हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा याहूनही विलक्षण आहे. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्याचा उग्र दर्प येतो. प्रमाण वाढले की तो वास घेणारी इंद्रियेच बधिर होतात आणि दर्प नाहीसा झाल्यासारखा वाटतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून जो मळीच्या टाकीत किंवा सांडपाण्याच्या कुंडात उतरतो, तो स्वतःच्या नाकाकडून फसविला गेलेला असतो. आणि त्याला काढण्यास जो पाठोपाठ उतरतो तोही त्याच फसवणुकीचा बळी ठरतो. एका कुंडातून तीन-तीन, चार-चार प्रेते निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या या कारणाने.

दुसऱ्या कुळातील वायूंचे वर्तन वैद्याच्या डोळ्यांपुढे कसे उलगडते ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या व्यवसायात हे चित्र थोड्याबहुत फरकाने पाहण्यात आलेले आहे. धातूचे सुटे भाग नायट्रिक आम्लात बुडवून स्वच्छ करण्याच्या खात्यात एखादा तरुण काम करीत असतो. आम्ल जास्त पडते किंवा भलत्याच धातूवर पडते, आणि टाकीतून पिवळसर तांबडा धूर उठतो. तो ठसकतो, दोन मिनिटे बाहेर उभा राहतो, चहा घेतो, त्याला बरे वाटते. मुकादम विचारतो, "काय रे, बरा आहेस ना?" तो म्हणतो, "काही नाही, जरा ठसका लागला होता." पाळी संपते. तो दुचाकीवरून घरी जातो, जेवतो, कदाचित जनावरांना वैरणही घालतो. मध्यरात्रीनंतर त्याला उशीवर डोके टेकवेनासे होते. पहाटे बिछान्यात उठून बसतो, छातीत घरघर, ओठ निळे, तोंडाशी फेसाळ, किंचित गुलाबी थुंकी. त्या पातळ पडद्याला दिवसा झालेली जखम आता पाझरू लागलेली असते. रक्तातील द्रव वायुकोशांत उतरून त्यांतील हवेची जागा घेत असतो. पाण्याचा एक थेंबही न गिळता माणूस आतल्या आत बुडत असतो. आणि घरची मंडळी रुग्णालयात सांगतात काय, तर "रात्री अचानक दमा उठला." दिवसाच्या धुराची आठवण कोणालाच नसते, कारण मधले आठदहा तास तो ठणठणीत होता. हे मधले तास सहा असू शकतात, चोवीस असू शकतात, क्वचित त्याहूनही अधिक. कारखान्यातून चालत बाहेर आलेला माणूस निर्धोक, हा जो लौकिक निवाडा, तो या आजारात ग्राह्य धरता येत नाही. एवढेच नव्हे, तर या अवधीत केलेले श्रम, चढलेला जिना, ओढलेले ओझे फुप्फुसातील पाझर वाढवू शकतात. म्हणून असा धूर लागलेल्या माणसास, त्याला कितीही बरे वाटत असले तरी, निदान एक दिवस-रात्र देखरेखीखाली निजवून ठेवणे हा उपचाराचा पहिला नियम होय. आणि तो पाळला जात नाही, कारण ठीक दिसणाऱ्या माणसाला रजा देणे मुकादमाच्याही जिवावर येते आणि रोजंदारीवरच्या त्या माणसाच्याही.

हे ज्ञान मनुष्यजातीने कोठे मिळविले, याचा इतिहास काही गौरवास्पद नाही. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. पुढे चारच दिवसांनी आपल्याकडील लाहोर डिव्हिजन त्याच रणांगणावर उतरविण्यात आली, आणि पंजाब-सरहद्दीकडील शिपायांनी लघवीत भिजविलेल्या फडक्यांखेरीज दुसरे साधन हाती नसताना त्या हिरवट ढगाला तोंड दिले. वर्ष सरण्यापूर्वी फॉस्जिन आला, आणि संध्याकाळी ठीक असलेले सैनिक दुसऱ्या दिवशी कोसळू लागले तेव्हा फुप्फुसाचा तो उशिराचा जबाब प्रथमच लष्करी दप्तरांत मोठ्या प्रमाणावर नोंदला गेला. एक गोष्ट मात्र पदरात पडली. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी या वायुग्रस्तांच्या निमित्ताने रुग्णास प्राणवायू मोजूनमापून, सतत कसा द्यावा याचे शास्त्र बसविले, आणि आज तालुक्याच्या रुग्णालयातही जो प्राणवायूचा मुखवटा लावला जातो त्यामागे त्या खंदकांतील जीव आहेत. यापलीकडे बहुतेक वायूंवर उतारा असा नाहीच. प्राणवायू, श्वासनलिका सैल करणारी औषधे, गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र, विश्रांती, आणि वेळ: एवढ्याच भांडवलावर वैद्यास लढावे लागते. म्हणूनच बाधा वेळीच कळणे आणि वायूचे नाव आधी कळणे यांना येथे औषधापेक्षा अधिक मोल आहे.

ते नाव न कळण्याची किंमत काय असते, हे ज्या नगरीने दाखविले तिचा उल्लेख टाळून या विषयावर बोलणे अशक्य आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात महासंकटापूर्वी तीन वर्षे, म्हणजे 1981 च्या डिसेंबरात, एका कामगाराच्या अंगावर फॉस्जिन उडाला. गडबडीत त्याने मुखवटा काढला, वायू छातीत गेला, आणि दोन-तीन दिवसांत तो दगावला. इशारा मिळाला होता. राजकुमार केसवानी या पत्रकाराने 1982 साली भावी अरिष्टाची लेखी ताकीदही शहराला दिली होती. तरीही 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आणि सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट थंडीच्या स्तब्ध हवेत जमिनीलगत पसरले. तो वायू हवेहून दुपटीने जड. झोपडीतल्या जमिनीवर निजलेल्या मुलांच्या नाकातोंडात तो आधी गेला. जी माणसे धावली त्यांनी धापा टाकीत अधिक विष ओढून घेतले. हमीदिया रुग्णालयात रात्रीत हजारो लोक लोटले, आणि डॉक्टरांनी कारखान्याकडे विचारणा केली तेव्हा उत्तर आले ते असे, की हा वायू डोळ्यांची चुरचुर करतो, ओले फडके ठेवावे, प्राणघातक नाही. तात्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा प्रथम 2,259 होता, पुढे मध्य प्रदेश सरकारने 3,787 मान्य केला. 2006 सालच्या सरकारी प्रतिज्ञापत्रात बाधितांची संख्या 5,58,125 नोंदली गेली. आकड्यांचा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटणारही नाही, कारण फुप्फुसाची जखम मृत्यूच्या दाखल्यावर दहा-पंधरा वर्षांनी वेगळ्याच नावाने उतरते.

परंतु वायुबाधा म्हणजे केवळ मोठे कारखाने आणि मोठ्या टाक्या, असा ग्रह करून घेऊन आपण येथून उठू नये. सांगली जिल्ह्यातील तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूस उन्हाळ्याच्या तोंडी गेलात तर बेदाण्याच्या शेडा दिसतील. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवितात; दोनएक आठवड्यांत ती सुकली की रंगाला पिवळी झळाळी यावी म्हणून बंद खोलीत त्यांना गंधकाची धुरी देतात. जळत्या गंधकापासून निघतो तो सल्फर डायऑक्साइड, पहिल्या कुळातला प्रामाणिक वायू. खोली उघडताच आत शिरणारा गडी पदराने वा गमछ्याने तोंड बांधतो, डोळे पुशीत बाहेर येतो, खोकतो, आणि पुन्हा आत जातो. गमछ्याने धूळ अडते, वायू अडत नाही. ज्याला मुळात दम्याची प्रवृत्ती आहे त्याच्या श्वासनलिका या वायूच्या अत्यल्प मात्रेनेही आवळून येतात. आणि त्या शेडांत बेदाणा निवडायला बसणाऱ्या बायांपैकी कोणाला दमा आहे, हे कामावर ठेवताना कोणी विचारीत नाही. खोली उघडून वारा खेळू द्यावा आणि मग आत जावे, एवढा साधा जाबता येथे पुरेसा आहे. अडते ते घाईमुळे.

घरातील धोका याहूनही दुर्लक्षित. आपल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत आणि टाकीत जी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो ती अनेक घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यातही ठेवलेली असते; शेजारीच संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली. दोन्ही एकत्र केल्या म्हणजे सफाई दुप्पट होईल, या हिशेबाने एखादी गृहिणी फरशीवर दोन्ही ओतते, दार लावते, आणि खाली वाकून घासू लागते. त्या दोहोंच्या संयोगातून निघतो तो क्लोरीन. ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी जो सोडला तोच, फक्त मात्रेचा फरक. आणि दार बंद, खोली चार बाय चारची, बाई वाकलेली, वायू हवेहून जड. अशा रुग्ण स्त्रियांचे नातेवाईक धुराविषयी कधीच बोलत नाहीत, कारण त्यांच्या मते धूर कारखान्यात असतो. मुंबईत 2010 च्या जुलैमध्ये शिवडीजवळ बंदराच्या आवारात बेवारस पडलेल्या सिलिंडरांमधून क्लोरीन गळला तेव्हा शंभरावर माणसे रुग्णालयात गेली, आणि ती वार्ता सर्वांनी वाचली. न्हाणीघरातील क्लोरीन मात्र कोणत्याही वर्तमानपत्रात यायचा नाही.

आता या गावच्या भूगोलाकडे वळतो. शिरवळ नीरेच्या खोऱ्यात आहे, दक्षिणेस घाटाची भिंत उभी आहे. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा डोंगरउतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचून राहते. सकाळी नदीवर धुके तरंगताना जे पाहतात त्यांना हे निराळे सांगायला नको. अशा रात्री जड वायू वर विरून जात नाही, सखल भागाकडे वाहतो. म्हणून वायू सुटल्याची बोंब झाली तर वाऱ्याच्या दिशेने पळू नये, वाऱ्याला आडवे होऊन उंचावर जावे. कपडे भिजले असतील तर उतरवावेत आणि अंगावर भरपूर पाणी घ्यावे. खोल जागेत पडलेल्याला श्वसनयंत्र असल्याशिवाय कोणी काढायला जाऊ नये. या सूचना शाळेतल्या मुलाला दहा मिनिटांत पाठ होतात. 2024 च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड येथे वायुगळतीची बाधा शाळेतल्याच मुलांना झाली, हे लक्षात घेता त्या शाळेतच शिकविल्या पाहिजेत.

परंतु कोणत्या वायूपासून पळायचे, हे गावाला कोण सांगणार? भोपाळनंतर, आणि दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील ओलियमच्या गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 1986 रोजी न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने धोकादायक धंद्यावर निरपवाद जबाबदारी टाकल्यावर, 1987 साली कारखाने अधिनियमात एक नवे प्रकरण घालण्यात आले. त्याअन्वये कारखान्यातील घातक द्रव्ये, त्यांचे आरोग्यावरील परिणाम आणि संकटकाळचा बंदोबस्त यांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि शेजारच्या जनतेलाही देणे मालकावर बंधनकारक झाले. धोका समीप दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या व सुरक्षा समितीच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आणि धोकादायक काम सोडून गेलेल्या माणसाचीही वेळोवेळी वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद झाली. कायद्याने शेजाऱ्याला जे दिले ते शेजाऱ्याने मागितले पाहिजे. ग्रामसभेत रस्त्याच्या डांबरीकरणाची मागणी होते, स्मशानभूमीच्या पत्र्यांची होते. वसाहतीतील कारखान्यांत कोणते वायू किती साठविलेले आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे त्यांची यादी आहे का, हा प्रश्न कोणी पटलावर ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यात मालकांशी वैर धरण्यासारखे काहीच नाही. चांगल्या मालकाला तर हे विचारलेले आवडेल.

आणि वायू ओसरल्यावरही काम संपत नाही. इटलीतील मोडेनाचे वैद्य रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या व्याधींवरील आपला ग्रंथ 1700 साली प्रसिद्ध केला तेव्हा वैद्यांना त्यांनी एक प्रश्न जोडून दिला: रुग्णाला त्याचा धंदा विचारा. तीन शतके उलटली तरी आमच्या बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरवर तो प्रश्न वयाच्या आणि पत्त्याच्या रकान्याखाली कसाबसा मावतो. एकदाच मोठी मात्रा छातीत गेलेल्या माणसास पुढे महिनोन्‌महिने, कधी कायमचा, दम्यासारखा विकार जडू शकतो. नायट्रोजन डायऑक्साइडसारख्या वायूंनंतर सूक्ष्म श्वासनलिका आतून चट्टे पडून बुजत जातात, आणि ही दुसरी व्याधी दोन-तीन आठवड्यांच्या आरामानंतर, सारे संपले असे वाटत असताना उद्भवते. शाळगावच्या दुर्घटनेनंतर रुग्णालयातून जी माणसे घरी परतली असतील, किंवा उद्या अन्य कोठून परततील, त्यांना सोडताना हाती केवळ घरी जाण्याची चिठ्ठी न देता तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा यावे अशा तारखा लिहून द्याव्यात, आणि प्रत्येक वेळी फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या यंत्रावर त्यांची मोजणी करावी. ते यंत्र फार महाग नाही, शिकायला अवघड नाही, आणि जिल्ह्याच्या प्रत्येक औद्योगिक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते चालू स्थितीत असले पाहिजे, एवढी दरखास्त या व्यासपीठावरून सातारा-सांगलीच्या दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्यांकडे पाठवावी, अशी अध्यक्षमहाराजांना माझी विनंती आहे.